तिन्ही दिवे हिरवे

३ मार्च

आलो एकदाचा! नोकरी लागली, खोली मिळाली, खोलीत पलंगही निघाला आणि घरमालकीण कमी बोलणारी भेटली. नशिबाने यंदा मनावर घेतलेलं दिसतंय. कंपनी शीतगृहाची. शहराबाहेर एक लांबलचक इमारत, खाली गोठवलेले मासे नि वाटाणे, वरच्या मजल्यावर आम्ही. बायकोला सांगितलं की कायम झालो की तू आणि छकुली लगेच या. ती म्हणाली, आधी कायम हो, मग बोल. रोजनिशी लिहायचं तिनेच सुचवलं, म्हणजे रोज फोनवर माझं पुराण ऐकायला नको. म्हणून फोनमध्येच लिहायला घेतली आहे.

५ मार्च

काम समजलं. शीतगृहाची यंत्रं, तापमान, दारं हे सगळं घरी बसूनही चालवता येतं. पण इंटरनेटवरून कुणीही उठून आत शिरू नये म्हणून मध्ये पहाऱ्याचे सर्व्हर असतात. ओळख पटली तरच आत सोडतात. याला इथे गेटवे म्हणतात. सध्या असे दोन सर्व्हर आहेत आणि गर्दीने दोन्ही टेकीला आलेत. मी तिसरा जोडायचा आणि तिघांच्या पुढे लोड बॅलन्सर बसवायचा. बँकेच्या दारात एकजण उभा असतो ना, तुम्ही या खिडकीवर जा, तुम्ही त्या, असं सांगायला? तेच काम.

खालीही चक्कर मारली. फ्रीजरमध्ये पेट्या रचणाऱ्याला सगळे गवई म्हणतात, कारण आत गेला की तो ऊब यावी म्हणून गातो. गातो म्हणजे ओरडतो. मला म्हणाला, आपण दोघेही गारठ्यातच काम करतो, फक्त तुम्हाला खुर्ची आहे. आवडला मला माणूस. आतून दार उघडायचा खटका त्याने दाखवला, बर्फाने पार जाम झालाय. तक्रारी करून झाल्यात म्हणे. बाहेरून दार हाताने उघडतं, पण जेवणाच्या सुट्टीत खाली चिटपाखरू नसतं. तेव्हा कुणी अडकलंच तर आत घंटेचं बटण आहे. ती घंटा आत्यांच्या फोनवर वाजते आणि त्या घरून दार उघडतात.

आत्या म्हणजे नियंत्रण विभागाच्या प्रमुख. नात्याने इथे कुणाच्याच आत्या नाहीत, पण सगळ्यांना हक्काने झापतात. यजमान अंथरुणाला खिळलेत, म्हणून जेवणाच्या सुट्टीपासून पुढे त्या घरून काम करतात. मला पहिल्याच दिवशी विचारलं की जेवलास का, आणि उत्तर ऐकायच्या आत डबा पुढे सरकवला.

१२ मार्च

वाटपाचे नियम लिहून झाले. एकदा ज्याला ज्या सर्व्हरकडे पाठवलं, त्याला पुन्हा तिकडेच पाठवायचं, म्हणजे दर वेळी सगळी उस्तवार नको. फ्रीजरच्या भिंती इतक्या जाड की आत फोनला रेंज नाही. तिथल्या तापमापकांसाठी वाय-फाय लावलं, पण त्यावरून गेटवेखेरीज कुठेही जाता येत नाही, असा नियमच घातला. कंपनीचा मेलसुद्धा आता गेटवेमधूनच. साहेब म्हणाले, तुम्ही मुंगीलाही शिरू देणार नाही. मी नम्रपणे मान खाली घातली. मनातून मात्र हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो.

१९ मार्च

तिसऱ्या सर्व्हरने घोळ घातलाय. ओळख विचारतो, आत घेतो, पण त्याच्यापासून पुढे यंत्रांपर्यंतची वाट काही जुळत नाही. आत गेलेला माणूस क्षणात बाहेर फेकला जातो. आणि उद्या साहेब हे सगळं मालकांना दाखवणार!

लोड बॅलन्सर थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक सर्व्हरची चौकशी करतो, बाबा रे, आहेस ना? जो नीट उत्तर देत नाही त्याच्याकडे कुणाला पाठवत नाही. मी ती चौकशीच सोपी करून टाकली. नुसतं दार वाजवायचं, आतून ओ आली की पुरे. पडद्यावर तिन्ही दिवे हिरवे. वाट सोमवारी सावकाश नीट करू. तोवर कुणी तिकडे गेलंच तर तापमान जरा उशिरा बघेल, त्यात काय मोठंसं.

२० मार्च

मालक खूश. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की कायम झालात म्हणूनच समजा. बायकोला लगेच कळवलं. छकुली फोनवर नाचली म्हणे.

२३ मार्च

गवई गेला.

आज सोमवार. सकाळभर मालकांना पाठवायच्या अहवालातली चित्रं रंगवत बसलो, तिसऱ्याला हात लावला नाही. जेवणाच्या सुट्टीत गवई एकच पेटी आणायची म्हणून जाकीट न घालता फ्रीजरमध्ये गेला आणि मागे दार लागलं. त्याने घंटा वाजवली. आत्या घरून आत शिरत होत्या आणि बाहेर फेकल्या जात होत्या. पहिल्या वेळी त्या तिसऱ्याकडे गेल्या, आणि मग माझ्या नियमाने दर वेळी तिसऱ्याकडेच. ऑफिसात फोन लावले, पण आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, थंडीने आणि धसक्याने हृदय बंद पडलं.

सर्व्हरमधल्या नोंदी बघून मला हे कळलं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मी तिसऱ्याच्या तारा काढल्या आणि नोंदी पुसल्या. हात थरथरलेसुद्धा नाहीत, याचीच मला लाज वाटते.

२५ मार्च

चौकशी झाली. आत्या सांगत होत्या की मी आत जात होते, मला सारखं बाहेर टाकत होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की बाळा, तुला यातलं कळतं, तू तरी सांग यांना. साहेबांनी मला विचारलं, तेव्हा तिन्ही सर्व्हर चालू होते का. मी म्हणालो, तिन्ही हिरवे होते.

शब्द खरा होता. माणूस खोटा होता.

आजाऱ्याचं करता करता त्यांचं फोनकडे लक्ष नव्हतं, असं ठरलं. त्यांना काढलं. जाताना मला म्हणाल्या, जेवत जा वेळेवर.

२८ मार्च

शिपाई सांगत होता, गवईच्या बायकोने आत्यांच्या दारात उभं राहून तळतळाट दिले. आत्या ऐकून घेत होत्या. ते तळतळाट माझे होते, पत्ता तेवढा चुकला.

दुपारच्या घंटेचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं आहे. तुमच्याइतकं विश्वासाचं कोण, म्हणाले.

३० मार्च

जेवणाच्या सुट्टीत मी खोलीवर होतो. घंटा वाजली. गेटवेमध्ये शिरलो. मला तिसऱ्याकडे पाठवलं. आत घेतलं, बाहेर टाकलं. पुन्हा तिसरा. तिसरा तर माझ्या टेबलाखाली पडलाय, तारा काढून!

धावत गेलो. खाली माणसं परतली होती. फ्रीजर उघडाच होता आणि आत कुणी नव्हतं. मी इतका घामाघूम की सगळे हसले.

१ एप्रिल

पुन्हा घंटा. पुन्हा तिसरा. बाकी सगळे पहिल्या नि दुसऱ्याकडे बिनबोभाट जातात. मलाच तो. नियमांतून त्याचं नाव खोडलं, तरी पडद्यावर त्याचा दिवा आहे, हिरवा. त्याच्यावर एकजण जोडलेला आहे असं दाखवतो. कोण, ते नाही.

तिसरा उघडून आतली डिस्क काढून आणली. उशाशी आहे.

२ एप्रिल

आज सुट्टीत खालीच थांबलो. फ्रीजरच्या दाराला कान लावला. आत कुणीतरी गात होतं — ओरडत होतं.

उघडलं. नुसत्या पेट्या.

३ एप्रिल

कायम झाल्याचं पत्र आलं. बायको विचारते, आवाज असा का? म्हटलं, सर्दी.

साहेबांना मेल लिहिला. सगळं लिहिलं. तिसरा सर्व्हर, सोपी चौकशी, पुसलेल्या नोंदी. आत्या निर्दोष आहेत. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसलो. मग छकुली आठवली. काढलं बोट.

भेकड आहे मी. दुसरा शब्द नाही.

५ एप्रिल

सुट्टीचा दिवस. आत्यांच्या घरापर्यंत गेलो. खिडकीतून दिसल्या, यजमानांना भरवत होत्या. दार वाजवलं नाही —

उद्या सांगतो. नोकरी गेली तर जाऊ दे. उद्या नक्की.

६ एप्रिल

साहेब जेवून आले की सांगायचं. ठरलं. बायकोलाही कळवलं की येऊ नका, कारण नंतर —

घंटा. आता गेटवे नाही. सरळ खाली जातो, हाताने उघडतो. खरंच कुणी असेल तर —

६ एप्रिल

आत आहे. पेट्यांमागे कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. हाक मारत पुढे गेलो. मागे दार लागलं.

कुणी नाही इथे.

खटका हलत नाही. बटण दाबलं. घंटा माझ्याच खिशात वाजली.

रेंज नाही. वाय-फायवरून गेटवे. ओळख पटली. तिसरा. बाहेर. पुन्हा. तिसरा. आत्या अशाच — किती वेळा केलं असेल त्यांनी —

थंडीने बॅटरी उतरतेय. मेल तरी जाऊ दे. तो तरी. पाठवला. तोही गेटवेमधून — तिसरा — परत आला —

पुन्हा पाठवला — परत —

बोटं वळत नाहीत. फोन ज्याला सापडेल त्याने आत्यांना — गवईच्या बायकोला सांगा — आत्या दार उघडतच होत्या, त्यांचा काही दोष — दोष सगळा मा