कुणाचं तरी विमान

आई, तुझा धाकटा परवा गावात येऊन गेला. हवाई दलातून निवृत्त झाला, तेही एवढ्या मोठ्या हुद्द्यावरून की सरपंचाची वाकून वाकून कंबर धरली. पुणतांब्याच्या वेशीत भलाथोरला बॅनर लावलेला, त्यावर तुझा लेक आणि त्याच्या शेजारी रणगाडा! आपल्याकडं फौज म्हटली की नगरचे रणगाडेच डोळ्यांपुढं येतात, विमान कुणाला सुचलंच नाही. मग फेटा झाला, शाल झाली, आणि जेसीबीच्या तोंडातून डोक्यावर झेंडूचा ढीग. साहेब त्या झेंडूत उभे, चेहऱ्यावर हसू असं की सगळं आभाळ यांनीच टांगलंय.

सरपंचानं माईकवर विचारलं, "साहेब, आपल्या गावावरनं कितींदा इमान नेलं?" तर हा म्हणतो, "मी वैमानिक कधीच नव्हतो. माझं काम पुरवठ्याचं. बूट, ब्लँकेट, टायर." लोकांनी टाळ्या वाजवल्या, लोक कशालाही वाजवतात. माझ्या शेजारची म्हातारी तेवढी मोठ्यानं म्हणाली, "म्हंजी गोडाऊन सांभाळत हुता व्हय!" सगळ्या बाया हसल्या. मला तू दिसलीस. आभाळात घरघर झाली की तू चुलीपुढनं उठतेस, हाताला पीठ तसंच, आणि अंगणात जाऊन दोन्ही हात हलवतेस, तो ठिपका नदीपल्याड जाईस्तोवर. मी आतून विचारायची, "त्योच हाय का गं?" तू कधी उत्तर दिलं नाहीस. इकडं तव्यावर भाकरी करपायची आणि ती नेमकी माझ्या ताटात यायची. मी शाळेत गेले नाही, अक्षरं त्याच्याच टाकलेल्या पुस्तकांवरून गिरवली; पण एवढं मला कळतं की आपली आई असा हात करते हे ठाऊक असून जो गप्प राहतो, त्याच्या छातीवर किती का बिल्ले असेनात, आत नुसता भुसा.

जेवायला घरी आला तेव्हा मी सोडलं नाही. "जन्मभर फसवलंस तिला. तू बूट मोजत बसलास, अन् ती तुझ्यापायी आभाळाला हात करीत मेली!" हातातला घास तसाच धरून तो म्हणाला, "आक्का, पहिल्याच सुट्टीत सांगितलं होतं तिला. म्हणाली, तू न्हाई तर न्हाई, कुनाचं तरी लेकरू असंलच की आत. त्याची आय कुठं लांब असंल." एवढं बोलून वर साहेबी थाटात, "पिठलं वाढ जरा."

राग काही गेला नाही माझा. त्याच्यावरचा तर नाहीच, आणि आता थोडा तुझ्यावरही आहे. करपलेली मी तरीही खाल्ली असती गं. पण कशापायी करपते, एवढं तरी सांगायचंस.

हा कागद कुठं टाकणार? पिठाच्या डब्याखाली सारून ठेवते. एक तेवढं सांगते. तो जेवत होता तेव्हाच वर घरघर झाली. साहेबांनी मान वर केली नाही. मी मात्र पिठाच्या हातानं अंगणात गेले, आणि दिसेनासं होईस्तोवर हात करत राहिले. परत येऊन बघते तर भाकरी करपलेली. ती त्याच्या ताटात वाढली.