गालावरची रिकामी रांग

आतुबिगादादा,

कुमासी शहराहून धाकट्याचा नमस्कार. मी धडधाकट आहे.

मोबाईलवर मी माझंच चित्र काढलं, आईने रंगवलेल्या आपल्या घराच्या भिंतीसारखं. गालावर तिच्या लाल-काळ्या त्रिकोणांच्या रांगा, कपाळावर माझे निळे-पिवळे रंग. सोबतचे हमाल हसले, "बायकांचं काम करतोस होय रे!"

गालावरची एक रांग आठवेना, ती रिकामी सोडली आणि तुझ्याकडे भिंतीचा फोटो मागितला. तर फोटोत भिंतभर फोन कंपनीची जाहिरात! कुणाला विचारून रंगवू दिलीस? भिंत तू बांधलीस, पण रंगवायची बाईनेच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आई काही बोलली का? जेवते ना?

चित्र छापून पाठवतोय. आधी ती जाहिरात खरवडून काढ. मग आईला म्हणावं, चित्रातल्या माझ्या तोंडाकडे बघून भिंत पुन्हा रंगव. गालावरची रिकामी रांग तेवढी तिलाच ठाऊक आहे.

चिडलेला, तरी तुझाच,
आयिनबिसा