धाटावचं नाक आणि जर्मन वाइनचा कायदा

१७ नोव्हें. १९९६, रविवार. रोहा
मुंबईहून परत. वाइनच्या क्लासला आजपासून जर्मनी. डिसोझा सर म्हणाले, "फ्रान्स पाठ करता येतो. जर्मनी समजून घ्यावी लागते." माझं पुस्तक जुनं निघालं. त्यात वाइनचे अकरा विभाग. आता तेरा, कारण दोन्ही जर्मनी एक झाल्या. समासात दोन नावं वाढवली, एकाचाही उच्चार जमत नाही.
एसटीने पेण सोडल्यावर मोठ्याने म्हणत बसलो. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे. शेजारची बाई पोर उचलून पुढच्या सीटवर गेली.
सरांच्या ओळखीचे कुणी नाशिककडे वाइनची फॅक्टरी काढतायत. त्यांना लॅबला असा माणूस हवाय ज्याला चाखताही येतं. बीएस्सी केमिस्ट्री आहेच. लंडनचं सर्टिफिकेट मिळालं की जागा माझी, असं सर म्हणतात. परीक्षा फेब्रुवारीत, लेखी आणि चाखणं, दोन्हीत पास व्हायला हवं.
सुनंदाला सांगितलं. म्हणाली, "नाशिकला हवा बरी असंल." एवढंच. पण नंतर भांडी घासताना गुणगुणत होती. लग्न करून धाटावच्या केमिकलच्या वाऱ्यात आणली तिला, तेव्हापासून गुणगुणणं ऐकलं नव्हतं.

२१ नोव्हें.
धाटावच्या केमिकल कंपनीत फर्स्ट शिफ्ट. टोल्युईनचा टँकर आला. मशीनवर टेस्ट करायची तर वेळ जातो, ड्रायव्हर हॉर्न मारतो, मॅनेजर ओरडतो, "शशीला बोलवा." झाकण उघडलं, हुंगलं, सांगितलं, "सोडा." कंपनीत लागल्यापासून हेच. कागदावर मी केमिस्ट, प्रत्यक्षात नाक.
याच नाकाने वाइनच्या नादी लावलं. गेल्या वर्षी जर्मन इंजिनियर आला होता, त्याने एक जुनी बाटली फोडली. बाकीच्यांनी एका घोटात संपवली. मी हुंगत बसलो आणि म्हणालो, "पेरू. आणि मागून रॉकेल." तो उडालाच. त्यानेच डिसोझा सरांचा पत्ता दिला.
ऑपरेटर दिनू सगळ्यांना सांगतो, "आमचा शशी नाकानं कांदे सोलून सायेब व्हनार." दिनूचं मी मनावर घेत नाही. कंपनीत माझा डबा उघडून खाणारा तो एकटाच.

२९ नोव्हें.
जर्मन वाइनचा कायदा, १९७१ चा. तीनदा वाचला. आता कुठे उजेड पडतोय.
फ्रान्सवाले विचारतात, जमीन कुठली? जर्मन विचारतात, द्राक्ष किती पिकलं? रसाची घनता मोजायची, जितकी साखर तितकी वरची पायरी. काबिनेट सर्वांत खालची, मग श्पेटलेझे, आउसलेझे, आणि पार वर ते वाळून मनुका झालेल्या द्राक्षांचं लांबलचक नाव. मोजायची ती तोडलेल्या द्राक्षातली साखर, बाटलीतली नाही. म्हणून श्पेटलेझे कोरडीठाकसुद्धा असू शकते. क्लासमधली निम्मी पोरं इथेच आपटली. मी नाही. घनता म्हणजे माझं रोजचं काम.

८ डिसें.
पेणला घरी. बाबा मिठागरावरून आलेले, पायांना भेगा. त्यांना म्हटलं, तिकडे पण तुमच्यासारखंच आहे, पिकलं किती ते मोजतात. बाबा म्हणाले, "आमी मीठ पिकवतो, त्यानं कुनाचा संसार बुडत नाय. तू दारूचा अभ्यास करतोस." आई आतून, "जाऊ द्या, जेवू तरी द्या त्याला." वडिलांशी बोलायला गेलं की हे असं. पुन्हा सांगणार नाही.
परतताना गणपतीच्या कारखान्यांवरून आलो आणि ज. कायद्यातली मोठी खोच कळली. बाटलीवर गावाचं नाव, पुढे शेताचं नाव. पण ते दुसरं नाव कधी एकाच नामी शेताचं असतं, तर कधी आसपासच्या ढीगभर शेतांना मिळून दिलेलं. लिहायची पद्धत एकच. गिऱ्हाइकाला कळणार कसं? कुठलाही गणपती 'पेणचा' म्हणून विकतात, तसंच. फरक इतकाच की तिकडे ते कायद्याने चालतं.

२८ डिसें.
खांब गावात दिनूच्या शेतावर पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडकं उलटं, भोवती जाळ. वास सुटला की मडकं ओढायचं, घड्याळ कुणी बघत नाही. दिनू म्हणाला, "आज कुनी बोलायचं नाय. नाकवाला सांगंल तवाच काढायचं." मला खुर्ची दिली, बाकी सगळे बांधावर गप्पा मारत.
मी बसून राहिलो. वास येईना. म्हटलं, अजून वेळ आहे. शेवटी दिनूचा चुलता धावत आला, "अरं जळली ना पोपटी! गावापातूर वास गेला."
शेंगा कोळसा. सगळे हसले, मीही हसलो. "सर्दी आहे," म्हणालो.
सर्दी नाही.

५ जाने. १९९७
सु. चहा टाकून न्हाणीत गेली. मी तिथेच बसलेलो. ती येऊन ओरडली, तेव्हा पातेलं काळं झालेलं दिसलं. अभ्यासात होतो म्हणालो. खरोखरच होतो. तरी.

११ जाने.
सु.ला म्हटलं, सरांनी सांगितलंय, डोळे बांधून सराव करायचा. तिने वाट्या मांडल्या. ओढणी बांधली.
लिंबू बरोबर. रॉकेल बरोबर, पण नाकाला झोंबलं म्हणून कळलं, वास असा नाही. पेरूला काकडी म्हणालो. आल्याला काहीच म्हणता येईना. मग तिने एक वाटी धरली, मी बराच वेळ घेतला आणि ठासून म्हणालो, "वेलची."
तिने ओढणी काढली. वाटी रिकामी होती.
म्हणाली, "नुसती धुवून धरली व्हती. गंमत करावी म्हनून." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मी वाट्या गोळा करून मोरीत ठेवल्या. आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती.

१५ जाने.
पेणचे नाक-कान-घसावाले डॉक्टर. आत बत्ती घालून बघितलं. "कुठे कामाला?" "धाटाव." "हं." आतली त्वचा जळत गेलीय. परत येईलही, न येईलही. वासापासून लांब राहायचं म्हणे. धाटावला राहून.
कंपनीला कळलं तर लॅबमधून काढून पॅकिंगला टाकतील. सरांना कळलं तर नाशिक संपलं. आता हे मला, सु.ला आणि डॉक्टरला माहीत.

२० जाने.
मार्ग सापडलाय. जीभ शाबूत आहे. गोड कळतं, आंबट कळतं, दारूची ऊब घशात कळते, रंग दिसतो. फिकट, हलकी, आंबट, मागे थोडी गोडी: विभाग मोझेल, द्राक्ष रीसलिंग, पायरी काबिनेट. त्याहून भारी अंगाची असली तर राइनगाऊ किंवा फाल्झ. वास पुस्तकातून लिहायचा. कायदा नीट पाठ असेल तर नाकाशिवाय जर्मनी ओळखता येते. इतर देश देवाच्या हवाली.
सु. म्हणाली, "ही लबाडी नव्हं का?" मी म्हणालो, "मग राहू या इथंच." ती भांडी घासायला उठली.

२३ जाने.
तिकडे प्रत्येक दर्जेदार बाटलीला सरकारी नंबर. आधी लॅबची तपासणी, मग सरकारने नेमलेली माणसं हुंगून, चाखून मार्क देतात, मग नंबर. म्हणजे लॅबवर भागत नाही, तिथेही शेवटी नाक लागतं. हा प्रश्न येणार, सरांनी खूण करून दिलाय. वाचवत नाही. उद्या वाचीन.

३० जाने.
सुटताना गेटवर दिनू. घरी भात ठेवायला केमिकलचा ड्रम घेतलाय. रिकामे ड्रम सगळेच नेतात, कुणी पाण्याला, कुणी भाताला. वेल्डरकडे नेऊन तोंड कापायचंय.
"शशी, बघ रे जरा. दोनदा धुतलाय मी."
शिफ्टची सगळी पोरं उभी. बसचा ड्रायव्हर पण बघत होता. बूच काढलं, नाक लावलं. काही नाही. काही नाही याचे दोन अर्थ होतात, ड्रममध्ये काही नाही किंवा माझ्या नाकात काही नाही. मशीनवर बघू, सोमवारी ने, असं म्हणता आलं असतं. पोरं म्हणाली असती, नाकवाल्याला मशीन कशाला?
म्हणालो, "साफ आहे. ने."
धुतलेला होता. दोनदा धुतलेला होता.

१ फेब्रु.
ड्रम फुटला. कापायची ज्योत लावली आणि आतला वाफारा पेटला. झाकण उडालं. वेल्डर बाजूला होता, हातावर भाजलंय. दिनू ड्रम धरून उभा होता. तोंड, दोन्ही हात, डोळे. त्याला पेणला नेलंय.
कंपनीत बोलतायत, धुतलेला ड्रम पेटला कसा.

२ फेब्रु.
सु.ने विचारलं, "तुमी हुंगला व्हता?"
"हो."
तिने ताट सरकवलं. दोघंही जेवलो नाही. रविवार असून क्लासला गेलो नाही.

५ फेब्रु.
पेण. दवाखान्यात दिनू. डोळ्यांवर पट्टी, हात पांढरे, सुजलेले. त्याची बायको मंगल वहिनी पायाशी. आवाज ओळखून म्हणाला, "आलास व्हय."
मी सांगायला गेलो होतो. वाटेत, गाडी क्रॉसिंगला थांबली तिथे, वाक्यं जुळवली होती. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "वेल्डरचीच चूक. ड्रमात पानी भरून कापायला पायजे व्हता. मी त्याला बोललो, शशीनं बघितलाय, पानी कशाला." मग म्हणाला, "म्हंजे माजीच चूक म्हन की."
वहिनी म्हणाल्या, "चूक कुनाचीच नाय. भोग हाय." आणि मला चहा आणायला उठल्या. तो चहा मी प्यालो. माझ्यासारखा हलकट मीच.

९ फेब्रु.
वेल्डरला दिनूच्या भावाने चौकात मारलं असं ऐकलं. भाजल्या हाताच्या माणसाला. आता तरी बोलायला हवं. परीक्षा पुढच्या रविवारी. सु. म्हणते, आज जा. मी म्हणतो, परीक्षेनंतर. ती म्हणाली, "तुमची परीक्षा आनि त्याचे डोळे, एका तागडीत घालताय?" तिचं असं बोलणं पहिल्यांदा ऐकलं. मी पुस्तक उघडून बसलो. साखर घालण्याचे नियम. साध्या दर्जाच्या वाइनला रस आंबण्याआधी साखर घातली तर चालते, वरच्या पायऱ्यांना एक दाणाही नाही. हेच पान पुन्हा पुन्हा वाचलं.

१६ फेब्रु. मुंबई
दिली.
लेखीत जर्मनी मोठा प्रश्न. पायऱ्या, शेतांच्या नावांचा घोळ, सरकारी नंबर, सगळं लिहिलं. 'हुंगणाऱ्यांवर किती विश्वास ठेवावा, आपले मत मांडा' असा पोटप्रश्न होता. लिहिलं की हुंगणाऱ्यांचीही वेळोवेळी तपासणी व्हावी. अक्षर बिघडलं.
चाखताना तिसरा पेला: फिकट, हलकी, आंबट, मागे गोडी. मोझेल, रीसलिंग, काबिनेट. वास: पेरू, मागून रॉकेल. सगळ्या पेल्यांत पाण्याइतकाच वास होता. सरांनी लांबूनच अंगठा दाखवला. निकाल पोस्टाने यायचा.
बाहेर येऊन फुटपाथवर बसलो. पास होणार मी. आनंद होईल असं वाटलं होतं.

१९ फेब्रु.
टँकर. मॅनेजर म्हणाला, "शशीला बोलवा." मी म्हणालो, मशीनवर लावा. "का रे?" "सर्दी." ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला. मशीनवर लावला, मगच सोडला. एवढं सोपं होतं.

२३ फेब्रु., रविवार. पेण
दवाखान्यात. हे बाकावर बसून लिहितोय.
आज सांगायचंच म्हणून आलो. सु. बरोबर यायला निघाली होती, मी नको म्हटलं. वहिनी खाली औषधं आणायला गेलेल्या. खोलीत आम्ही दोघंच.
दिनू म्हणाला, "दार लाव." लावलं. म्हणाला, "डागदर नीट सांगत नाय. मंगल नुसती रडते. माझं नाक भाजलंय, मला काय कळत नाय. उजवा हात आतून ठनकतोय. सडत असंल तर कापायला लागंल, व्हय ना?" आणि पट्टीतला हात कसाबसा माझ्या दिशेने उचलला. "तू बघ. घान मारतोय का सांग. तू बोललास की मी मानतो."
मी वाकलो. पट्टीला नाक लागेपर्यंत वाकलो. पिवळा डाग दिसत होता. तो औषधाचा की पुवाचा, कळेना. श्वास ओढला, पुन्हा ओढला. तो श्वास धरून ऐकत होता.
"शशी?"
"सिस्टरला बोलावतो," म्हणालो आणि बाहेर आलो. सिस्टर दुसऱ्या वॉर्डात गेलीय, येते म्हणे. आतून तो हाका मारतोय, "काय रे? मारतोय ना घान? सांग ना."