सी विंगचा पाऊण तास

मंगळवार, संध्याकाळ

सोसायटीतली पाणी सोडायची नोकरी बहुतेक जाणार. सेक्रेटरी तसं म्हणाले नाहीत, पण रविवारच्या मीटिंगला ‘तुमचाही विषय घेऊ’ म्हणाले. नोकरीबरोबर पंपाशेजारची ही खोलीही जाईल. आईला अजून सांगितलेलं नाही.

चूक माझी आहे का? नोटिशीत त्यांनीच लिहिलं होतं, टँकरचं पाणी ‘इक्विटेबल’ पद्धतीने सोडलं जाईल. शाळा नववीत सुटली, पण डिक्शनरी जपून ठेवली आहे. तिच्यात पाहिलं: न्याय्य, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे. सी विंग टाकीपासून सगळ्यात लांब. व्हॉल्व्ह उघडला की पहिली पंधरा मिनिटं तिथल्या नळांतून नुसती हवा येते. म्हणून आठवडाभर ए आणि बीला अर्धा तास दिला, सीला पाऊण.

आज सेक्रेटरींचा ओरडा खाल्ला. “अहो विद्वान, तो शब्द नोटिशीत बरा दिसतो म्हणून घातलाय. सगळ्यांना अर्धा तास.”

“मग त्यातली पंधरा मिनिटं सीला फक्त हवा मिळते, साहेब.”

“मिळू दे की. आपल्या मांजरी गावची हवा चांगली आहे.”

सीमधल्या मावशी जिन्यात भेटल्या. त्यांचे यजमान अंथरुणावर असतात. म्हणाल्या, “या आठवड्यात यांना रोज आंघोळ घालता आली हो.” मला मान वर करवेना. उद्यापासून पुन्हा पंधराच मिनिटं पाणी.

नवी नोटीस फळ्यावर मलाच लिहायला लावली, अक्षर चांगलं म्हणून. शब्द तोच ठेवा म्हणाले. लिहिला. स्पेलिंग दोनदा तपासलं. बरोबर आहे.