भावनाताईंची गादी

४ मे, सोमवार
आज परत! हिमानी फरशीवरच झोपलेली सापडली. पलंगावरची गादी कोरडी, आणि पोरगी खाली ओल्या फ्रॉकमध्ये. विचारलं तर म्हणाली, "आईची गादी खराब होते." पाच वर्षांची आहे ती.

गादी भावनाताईंची — जितेंद्रच्या पहिल्या बायकोची. हिमानी झाली तेव्हा नरखेडला माहेरी घरच्या शेतातल्या कापसानं भरून दिलेली. ताई गेल्या, गादी राहिली. मी या घरात आत्ता फाल्गुनात आले.

५ मे
जितेंद्र म्हणतो, "फोमची आणून टाकू ना. काहून एवढं डोक्याला लावून घेऊन राहिली?" हिमानीनं ऐकलं. मग दिवसभर गादीवरून उतरली नाही. जेवायलासुद्धा!

आमची आई सांगायची — दुसऱ्याची वस्तू सांभाळायला आली तर आपल्या वस्तूहून जास्त जपावी. पण गादी जपायची की पोर? दोन्ही जपेल असं काहीतरी बाजारात असेलच.

७ मे
इतवारी बाजारातून मेणकापड आणलं, चादरीखाली घातलं. कूस बदलली की कचकच वाजतं. आणि या उन्हाळ्यात घामानंच भिजली बिचारी! सकाळी पुन्हा फरशीवर. "वाजते ते," एवढंच म्हणाली.

८ मे
नरखेडहून कौसल्याबाईंचा फोन — भावनाताईंच्या आईचा. "पोरगी खाली झोपते म्हन्ते. तिले इकडं आनून सोड बाई." मग जरा थांबून, "जमलं तर शाळाबी इकडंच पाहू." रागावल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं.

जितेंद्र म्हणाला, "पुढच्या रविवारी नेऊन देऊ. तिथं तरी नीट झोपेल."

म्हणजे माझ्याकडे नीट झोपत नाही. खरंच आहे.

१२ मे
ऑनलाइन मागवलेलं कव्हर आलं. वरून टॉवेलसारखं मऊ, खालून पाणी न झिरपणारं. वाजत नाही. कडेनं इलास्टिक. चढवलं — आणि गादीची होडी झाली! चारही टोकं वर. ती मापं फोमच्या गाद्यांची. आपल्या कापसाच्या गादीला कुठले आलेत सरळ कोपरे? आधी लक्षात यायला नको का मला!

हिमानी मात्र खदखदून हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच. मी रडणार होते, ते राहिलं.

१३ मे
महाल भागातल्या शिंप्याकडे गेलो. हिमानीला मुद्दाम नेलं — तिच्या आईची गादी, तिला न विचारता कसं करायचं? इलास्टिक उसवून चार कोपऱ्यांना नाड्या लावून घेतल्या, पलंगाच्या पायांना बांधायला. रंग तिनं निवडला. लाल.

घरी येऊन कव्हर बांधलं आणि तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "ओत."

"खरंच?"

"ओत वं!"

अर्धा तांब्या ओतला तिनं. झिरपलं तर? मग तिनंच नाडी सोडली, खाली हात घातला. गादीला गाल लावून पाहिला. "कोरडी आहे," म्हणाली. हळूच, जणू कुणाला सांगायचं नव्हतं.

१४ मे
पलंगावर झोपली! कव्हर भिजलं, गादी नाही. कव्हर धुऊन दोरीवर टाकलं.

१५ मे
आजही भिजलं. आजही पलंगावरच.

जितेंद्रला म्हटलं, रविवारचं राहू दे ना. तो म्हणाला, "हिमानीलेच विचार. ती म्हणेल तसं." बरोबर आहे त्याचं. पण मला विचारायची हिंमत होत नाही. ती जाते म्हणाली तर?

१६ मे, शनिवार
सकाळी पाहते तर पलंग रिकामा. फरशीही रिकामी. हिमानी आमच्या दोघांच्या मध्ये, तिचा पाय माझ्या पोटावर, आणि आमची गादी पार भिजलेली. "आईची कोरडी आहे," डोळे न उघडताच म्हणाली. "तुमची ओली झाली." आणि आणखी जवळ सरकली.

लगेच उठून चादर काढायला हवी होती. पडून राहिले.