पितळनगरीचं चौथं दार

बारामती,
२४ ऑगस्ट २०२५

ती. मामांना,
स्वरूपाचा सा. न. वि. वि.

तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या सोसायटीला ऐकू जातं आणि तुम्हाला तेवढं जात नाही, म्हणून पत्र. चाळीस वर्षं बॉयलरशेजारी काढल्यावर कानांनी विश्रांती घेतली, त्यांना तरी काय बोलणार. मामीचे गुडघे कसे आहेत?

राखीला आई आणि मी कळंबला आलो होतो, तेव्हा जुना लॅपटॉप तुमच्याकडे मुद्दाम विसरले. त्यात आमचा खेळ आहे, पितळनगरी. मी आणि माझी मैत्रीण अल्फिया दोन वर्षं त्यात खपलो. कोडी माझी, चित्रं तिची. वाफेवर चालणारं एक शहर आहे. पितळेचे पक्षी, दातेरी चाकांवर सरकणारे पूल, साखळ्यांनी वरखाली होणारी घरं. ते शहर बंद पडलंय, आणि छकुली नावाच्या मेकॅनिकच्या मुलीने सात दालनांतली कोडी सोडवून ते चालू करायचं.

जूनमध्ये आम्ही तो इंटरनेटवर ठेवला. तीनशे बारा जण खेळले आणि त्यांची मतं वाचून मला जेवण जाईना. सगळे चौथ्या दालनात अडकतात, बॉयलरघरात. एकाने लिहिलंय की तो तिथे अकरा तास आहे आणि बायको ताट तिथेच आणून देते. दुसरा म्हणतो पक्षी सुंदर आहेत, दार उघडत नसल्याने तीन दिवस तेच बघतोय. हा खेळ करणाऱ्या बाईचं माणसांशी काय वैर आहे, असं एका काकांनी विचारलंय. पुढे फक्त दोघं गेले. त्यातल्या एकाचं मांजर कीबोर्डवर चढलं होतं.

दिवाळीपर्यंत मतं सुधारली नाहीत तर खेळ बंद करायचा आणि मी हैदराबादची नोकरी घ्यायची, असं बाबांशी ठरलंय. मला जायचं नाही, मामा. ते बॉयलरघर मी तुमच्यासाठी केलंय. तुम्ही खेळा आणि खरं मत सहीनिशी कळवा. इंटरनेटवर कोणी स्वतःच्या नावाने बोलत नाही.

मामीला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नये.
तुमची भाची,
स्वरूपा


कळंब,
४ सप्टेंबर २०२५

चि. स्वरूपास,
जोतीराम मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी विसरलेली वस्तू मामीने फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीवर ठेवली होती. ती काढली आणि त्याच दिवशी खेळायला बसलो. आता मत लिहितो, राग मानू नकोस.

पहिल्या दालनातलं घड्याळ एका दिवसात चालू केलं. दुसऱ्यातल्या पुलाला दोन दिवस लागले. तिसऱ्यात साखळी अडकली ती मी बरोबर सोडवली, पण एक सांगतो. तीन दालनं फिरलो, कुठे तेलाचा डबा दिसला नाही. एवढी चाकं आणि ग्रीसचा पत्ता नाही, मग शहर बंद पडलं यात नवल काय? मामीचं मत असं की ती पोर सकाळपासून नुसती पळतीय, तिला कुणी भाकरी दिलेली दिसत न्हाय.

आता तुझं बॉयलरघर. नळ्यांवर झडपांची सात चाकं दिसली. मी रीतीप्रमाणे आधी ड्रेन उघडला, म्हणजे नळीत साचलेलं पाणी काढायचा छोटा कॉक. थांबलो. मग वाफ सोडायचं मोठं चाक केसभर फिरवलं. पुन्हा थांबलो. दार ढिम्म हललं नाही. असे सहा दिवस गेले. शेजारचा विजयसिंह ट्रॅक्टर लावून बघायला आला, तासभर बसला आणि म्हणाला की तात्या, ह्यो डाव करणाऱ्याच्या डोक्यातच कायतरी बिघाड हाय. मी त्याला बोललो नाही की करणारी माझी भाची आहे.

माझं सहीनिशी मत असं: ज्याने हे बॉयलरघर सांगितलं त्याला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नाही. ही माहिती तू कुठल्या शहाण्याकडून घेतलीस त्याचं नाव कळव. मी त्याला दोन ओळी लिहितो.

लॅपटॉपची काही बटणं चिकटत आहेत. हवा दमट आहे.

आईला आशीर्वाद. हैदराबादला जायची घाई करू नकोस.
तुझा मामा,
जोतीराम


बारामती,
९ सप्टेंबर २०२५

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

त्या शहाण्याचं नाव जोतीराम. राहणार कळंब.

मामा, अहो तुमचीच गोष्ट आहे ती. मे महिन्याच्या सुट्टीत दर वर्षी ऐकलेली. सोलापूरकडचा तो खाजगी साखर कारखाना, एक्क्याऐंशी साल, पहिल्या हंगामाचं उद्घाटन. मांडवात पाहुणे, दारात बँड, आणि इंजिन हलेना. इंजिनिअर घामाघूम. मग चोवीस वर्षांचे तुम्ही पुढे झालात, पान्याने नळीवर तीन ठोके दिलेत, मोठं चाक एका दमात पूर्ण उघडलंत आणि इंजिन धडधडायला लागलं. खेळात मी तेच ठेवलंय. तीन ठोके, मोठं चाक एका दमात, बाकीची चाकं कशीही. भिंतीवर अल्फियाने पाना घेतलेला माणूससुद्धा काढलाय खूण म्हणून. मिशी तुमचीच आहे.

अल्फिया म्हणते ते दालनच काढून टाकू, अडकलेत त्यांना पुढे जाऊ दे. मी म्हटलं मामाचं दालन राहील. पण रडू येतं हो. पुढे गेलेले दोघंही लिहितात की कुठलाही शहाणा माणूस मोठं चाक असं उघडणार नाही. मग वाटतं की लोकांना धाडसच कळत नाही. आणि एक कोडं मला सुटत नाही. तुमचा स्वतःचा पराक्रम सहा दिवसांत तुम्हालाच कसा आठवला नाही? मी सांगण्यात कुठे चुकले ते लिहा. दिवस थोडे राहिलेत.

उत्तराची वाट पाहतेय. तुमचा लोभ आहेच.
स्वरूपा


कळंब,
२० सप्टेंबर २०२५

चि. स्वरूपाला,
विजयमाला मामीचा आशीर्वाद.

हितं सगळं बरं हाय, फक्त तुजा मामा बरा न्हाय. ताप न्हाय, खोकला न्हाय. तुजं पत्र आलं तवापासून गप झालाय. म्या वाचलं त्ये पत्र. मला त्यात वंगाळ काय दिसलं न्हाय, उलट तू मामाचं नाव किती काढलंयस.

आधी एक सांगते, त्यो सांगायचा न्हाय. बटणं दमट हवेनं चिकटत न्हाईत. त्यो त्या बॉयलरघराच्या दारात पोचला तवा म्हणाला, पूजा केल्याबिगर बॉयलर पेटवत न्हाईत, कारखान्याची रीत हाय. हळदकुकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि लॅपटॉपच्या म्होरं नारळ फोडला. पाणी सगळं बटणावर. आता ती येक दाबली की चार उमटत्यात. म्या हेअर ड्रायर मागून आणला हाय, स्वतःसाठी म्हणून.

रोज चौथ्या खोलीत जातो, मोठ्या चाकापाशी थांबतो, हात उचलतो आणि मागं येतो. काल म्या म्हणलं, पोरीनं उत्तर लिवलंय तर फिरवा की येकदाचं. तर म्हणाला, हात धजत न्हाय. चाळीस वर्सं बॉयलर सांभाळलेला माणूस चित्रातल्या चाकाला भितोय, ह्ये मला तरी उमगत न्हाय. तूच कायतरी लिव.

माजं गुडघं तसंच हाईत. हिकडं यायचं मनात ठिव.
तुजी मामी


कळंब,
२३ सप्टेंबर २०२५

चि. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

मामी तुला लिहिते ते मला माहीत आहे, कारण पाकीट चिकटवायला तिने माझाच डिंक घेतला. नारळाचं खरं आहे.

आता दुसरं खरं लिहितो. तू सांगण्यात कुठे चुकली नाहीस. मी चुकीचं सांगितलं. तीन ठोके मी दिले. मोठं चाक एका दमात मीच उघडलं. इंजिन चालू झालं ते मात्र त्यानंतर एक तास दहा मिनिटांनी, आणि माझ्या हातून नाही.

नळीत पाणी साचलेलं होतं. एकदम वाफ सोडली की ती ते पाणी ढकलत नेते आणि नळीवर आदळवते. असा दणका झाला की मांडवाच्या छतातून काजळी पाहुण्यांवर पडली. अध्यक्षांचा फेटा उडून पेढ्यांच्या ताटात गेला. बँडवाले पळाले, आणि त्यांच्याही पुढे मी. थेट कॅनॉलवर जाऊन थांबलो.

अमजद नावाचा फिटर होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो जागचा हलला नाही. त्याने मोठं चाक बंद केलं, ड्रेन उघडला आणि शेजारी तंबाखू मळत बसला. सगळं पाणी जाऊन कोरडी वाफ यायला एक तास दहा मिनिटं लागली. मग त्याने चाक केसाकेसाने उघडलं. तोवर मी परत आलो होतो. फोटो काढला तेव्हा चाकावर हात माझा होता. पुढच्या वर्षी अमजद ते काम सोडून इंदापूरला आला आणि मला खोडून काढणारं कोणी उरलं नाही. तू लहान होतीस, डोळे मोठे करून ऐकायचीस. मला सांगताना फार बरं वाटायचं.

त्या दिवसानंतर मी आयुष्यात ड्रेन उघडल्याशिवाय चाकाला हात लावला नाही. म्हणून तुझं उत्तर समोर असून हात उठेना. तुझी तीनशे माणसं बरोबर आहेत. माझ्या बढाईपायी तुझं दोन वर्षांचं काम बुडतंय याची मला फार लाज वाटते. दालन काढून टाक, पण खेळ बंद करू नकोस.

लोभ ठेवशील की नाही ते तुझ्यावर.
जोतीराम मामा


बारामती,
१८ ऑक्टोबर २०२५

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला कारण आम्ही दोघी कामाला लागलो होतो. तुमचं पत्र मी अल्फियाला वाचून दाखवलं. पेढ्यांच्या ताटापर्यंत आले तेव्हा ती हसून जमिनीवर आडवी झाली. मला आधी रागच आला होता. वीस वर्षं मी ती गोष्ट वर्गात, कॉलेजात, सगळीकडे सांगितली आहे. मग तुम्ही कॅनॉलकडे पळताना दिसलात आणि राग टिकला नाही.

दालन काढलं नाही, दुरुस्त केलं. आता दार अमजदचाचांच्या रीतीने उघडतं. आधी ड्रेन, मग थांबायचं, मग मोठं चाक हळूहळू. पण कोणी मोठं चाक एका दमात उघडलं तर दणका होतो, काजळी पडते, फेटा पेढ्यांत जातो, बँड पळतो आणि मिशीवाला एक माणूस सगळ्यांच्या पुढे धावत सुटतो. ते चित्र अल्फियाने एका बैठकीत काढलं.

आणि मतं पालटली, मामा. नाशिकच्या एका बाईंनी लिहिलंय की त्यांना उत्तर कळलेलं आहे, तरी ऑफिसातून आल्यावर रोज एकदा फेटा उडवतात. अकरा तासवाले आता बायकोसकट खेळतात. वैर विचारणाऱ्या काकांनी कळवलंय की खेळ अजून अवघडच आहे, पण आता अडकायला बरं वाटतं. सगळ्यांना तो पळणारा माणूस फार आवडलाय. त्याचं नाव काय, असं चाळीस जणांनी विचारलं. मी अजून सांगितलेलं नाही.

हैदराबादला नकार कळवला. बाबा म्हणाले पुढच्या दिवाळीपर्यंत बघू. बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

आता एक काम तुमचं. बॉयलरघराच्या दारावर मला अमजदचाचांचं नाव लावायचं आहे आणि त्यांना विचारल्याशिवाय लावणार नाही. विचारायला तुम्हीच जायचं. पत्र पाठवून भागवू नका. लॅपटॉपही न्या.

दिवाळीचा फराळ आई पाठवतेय, डब्यात दुरुस्त खेळाचा पेनड्राइव्ह ठेवलाय, तो आधी लॅपटॉपला लावा. तुमच्यावरचा लोभ होता तेवढाच आहे.
स्वरूपा


कळंब,
२ नोव्हेंबर २०२५

चि. स्वरूपास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काम झालं. दोनदा इंदापूरच्या स्टँडवरून परत आलो होतो, एकदा चहा पिऊन आणि एकदा न पिता. तिसऱ्या वेळी मामी बरोबर आली, त्यामुळे परतता आलं नाही.

अमजद बहात्तरचा झालाय. पंप दुरुस्तीचं दुकान लेकाने घेतलंय, हा दारात बसून गिऱ्हाइकांना नावं ठेवतो. मला ओळखलं. त्याचेही कान माझ्यासारखेच, त्यामुळे ख्यालीखुशाली अशी झाली की त्याच्या बायकोने, मेहबूबबी वहिनींनी, खिडक्या लावून घेतल्या. मी लॅपटॉप उघडला आणि त्याला चौथ्या दालनात बसवलं.

त्याने न सांगता आधी ड्रेन उघडला. दोन मिनिटांत कोरडी वाफ दिसली. मी म्हटलं आता चाक फिरव. तो म्हणाला, दोन मिंटात पाणी जातंय व्हय? आणि हाताची घडी घालून बसला. किती वेळ बसणार विचारलं तर म्हणाला, एक तास दहा मिंटं. त्याचं मत लिहून घे: खेळ बरा आहे, फक्त करणाऱ्या पोरींना घाई फार.

मग आम्ही बसलो. त्या वेळात मी त्याला सगळं सांगितलं, चव्वेचाळीस वर्षं काय सांगत आलो ते. त्याला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी शेळगावच्या एका लग्नात माझ्याच कोणा पाहुण्याने ती गोष्ट त्याला माझ्या नावासकट ऐकवली होती. त्याने शेवटपर्यंत ऐकली आणि पुढं काय झालं असंही विचारलं होतं. मी विचारलं, खोडून का काढलं नाहीस? तर म्हणाला, त्या दिवशी आपल्यातले पळाले पाच जण, परत आलास तू एकटा. आणि फोटोच्या वेळी तुला चाकापाशी मीच ढकललं होतं. तू मागं सरत व्हतास. तवाच हात ठेवला नसतास तर पुन्यांदा कधी ठेवला नसतास.

हे मी पार विसरलो होतो, पोरी. मला इतकी वर्षं वाटायचं की तो फोटो मी त्याच्याकडून चोरला.

एक तास दहा मिनिटं भरली तेव्हा त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि आता तू फिरव म्हणाला. मी केसाकेसाने फिरवलं. त्याचं नाव दारावर लाव, त्याची परवानगी आहे. पळणाऱ्या माणसाचं नाव विचारणाऱ्यांना माझं नाव गावासकट सांग.

दार उघडलं तेव्हा मी रडलो. मामी तुला कळवणारच आहे, त्याआधी मीच कळवतो.

दोघींवर लोभ आहेच, अमजदचाही धर.
तुझा मामा,
जोतीराम