चार तोफा अन् बिनशिंगांचे बारा बैल

३ मे, रविवार

ही वही माझी नाई, ह्यांची आहे. चंद्रपूरच्या डॉक्टरनं ह्यांले सांगितलं, रोज एक पान लिहा, हात थरथरते तो थोडा ताब्यात येईल. वही आणली, पेन आणला. परवा लिहायले बसले तर पेनाचं टोपणच निघेना. मी काढून देते म्हणलं तर अंगावर आले. मग दातानं काढलं. पहिल्या पानावर लिहिलं, १ मे, अन् खाली एकच शब्द. हात. तोही कोंबडीनं उकरल्यासारखा. वही गेली कुलरखाली.

एवढी कोरी वही वाया काऊन घालवायची? मी चौथी शिकली आहे. अक्षर बरं आहे. कोणाले वाचायले लिहून नाई राह्यली, हे तर वहीकडं पाहत बी नाई.

तर पहिलं लिहून ठेवते: तोफखाना मी पूर्ण करणार.

आमचे हे, गुणवंतराव, भद्रावतीच्या फॅक्टरीत बत्तीस वर्षं तोफेचे गोळे भरत होते. एक तोफ सुटताना पाहिली नाई. रिटायर झाले अन् तेच भूत डोक्यात शिरलं. त्यांच्या सेक्शनमधला अजय चंद्रपूरले राहते. त्यानं टेबलटेनिसच्या टेबलावर ब्रह्मदेशाचं जंगल मांडलं आहे, स्पंजाची झाडं लावून. रविवारी चार बाप्ये तिथी जमतात अन् फासे टाकून ऐंशी वर्षांआधीची लढाई लढतात. नातवंडं झाली एकेकाले. ह्यांच्या वाट्याले तोफखाना आला. पुतणी दिव्यानीनं नागपुरात मशीनीवर प्लास्टिकचे तुकडे छापून पाठवले. चार तोफा, चोवीस माणसं, बारा जनावरं. जोडायचे अन् रंगवायचे. तेवढ्यात जानेवारीत हात थरथरायले लागले. डबा गेला कपाटावर अन् हे गेले खाटेवर. घराबाहेर नाई, बोलणं नाई, दाढी नाई.

आज अजयचा फोन आला. वहिनी, २४ तारखेले मोठी लढाई आहे, भाऊंचा तोफखाना येत असंल तर त्यांची जागा ठेवतो, नाई तर दसरूले बसवावं लागते म्हणे. दसरू म्हणजे ह्यांच्याच हाताखाली शिकलेला पोट्टा. हे ऐकून हे भिंतीकडं तोंड करून निजले. दसरू एकदा तिथी बसला का हा माणूस खाटेवरून उठत नाई, हे मी लिहून देते.

मले काही त्यांचा पुळका नाई. कपाटावर पापडाचा डबा ठेवायले जागा पाहिजे, म्हणून करून राह्यली.

४ मे, सोमवार, दुपारी दीड

हे जेवून निजले. मी मागच्या अंगणात, सांदवाडीत डबा उघडला. चाळीस नग. रोज दोन केले तर वीस दिवस. २३ तारखेले काम खलास. तान्ह्या पोळ्याले अख्ख्या गल्लीच्या पोट्ट्यांचे लाकडी बैल मीच रंगवते, एका दुपारी सहा. तीन वर्षं माझ्याच बैलाले पहिला नंबर. हे काय आहे त्याच्यापुढं?

माणसं करंगळीच्या पेराएवढी. हात वेगळे, मुंडकी वेगळी. तोफा ठीक आहेत. पण बैल! बाराच्या बारा बैलांले शिंगं नाई. वशिंड बी नाई. कान मात्र हे एवढाले. दिव्यानीच्या मशीनीत शिंगं छापलीच गेली नसतील. पोरगी अर्धवट काम करते, आपल्या मायवर गेली. फोन करून झाडलं असतं, पण ती लगेच काकाले सांगते. जाऊ दे. शिंगं मीच करीन.

५ मे, मंगळवार

दोन माणसं जोडली. म्हणजे एक जोडला अन् एक माझ्या अंगठ्याले चिकटला. टूबातला गोंद भल्ला जालीम. गरम पाणी केलं, तेल लावलं, मीठ लावलं. निघेना. चार वाजता हे उठले, चहा मागितला. एका हातानं कप दिला, दुसरा पदरात. रात्री वाढताना वरणाची वाटी दोन्ही हातांनी धरावी लागली. ह्यांनी माझ्या अंगठ्याकडं पाहिलं. अंगठ्यावर एक शिपाई उभा, बंदूक रोखून. मग भात कालवायले लागले. नजर कमजोर झाली आहे त्यांची. दिसला नसंल.

८ मे, शुक्रवार

तीन दिवस काम नाई. चिमूरले लग्न होतं. मीच गेली, हे आले नाई. तिथी सगळे विचारतात, भाऊ काऊन नाई आले वो? मी म्हणलं, घरी लय काम आहे त्यांले. खोटं नाई काही. चोवीस माणसं पडली आहेत घरी.

उद्यापासून रोज चार करीन.

११ मे, सोमवार

मुंडकी तेवीस अन् माणसं चोवीस. एक मुंडकं झाडताना गेलं. कोंबडीनं खाल्लं असावं, दुपारपासून छाती काढून फिरून राह्यली. तुरीचा दाणा चिकटवला. खरं सांगायचं तर सगळ्यांत तोच हुशार दिसते.

चिमट्यानं धरून बसावं लागते, श्वास रोखून. श्वास सोडला का हात उडते. माझे हात चांगले आहेत तरी एवढा ताप. ह्यांले कसं जमलं असतं? मग वाटलं, जाऊ दे, नको तो विचार. मिरच्या खुडायच्या होत्या.

१४ मे, गुरुवार, दुपारी दोन

रंग काढले. तान्ह्या पोळ्याचे उरलेले: लाल, पिवळा, सोनेरी. हिरवा दरवाज्याचा उरला आहे. ह्यांच्या पुस्तकात पाहिलं तर सगळी पलटण मातीच्या रंगाची. माणूस अन् चिखल वेगळा दिसत नाई. लढाईले जायचं अन् असे मळके कपडे? मी चांगला हिरवा दिला. पट्टे लाल. तोफांले पिवळी किनार.

डोळे झाडूच्या काडीनं काढले. थोडे मोठे झाले. चोवीस जण असे पाहून राह्यले जसं कोणी त्यांच्या ताटातलं मटण उचललं.

१६ मे, शनिवार

शिंगं झाली! नळ गळला का लावतात ती दोन रंगांची पुट्टी आणली. मळून बारीक वळली, चोवीस शिंगं. नीलाबाई भिंतीवरून डोकावली. अवो रुखमाबाई, बैल झकास झाले, पण कान काऊन गाढवासारखे? मी म्हणलं, मिलिटरीचे बैल आहेत, त्यांले दुरून ऑर्डर ऐकू आली पाहिजे. ती म्हणे, अस्सं का. तिले काय समजते? तिच्या पोट्ट्याचा बैल दर साल शेवटून पहिला.

शिंगांले सोनेरी दिला. खुरांले बी. पाठीवर लाल झूल. खरं सांगते, उचलून पाहिलं अन् गळा भरून आला. रंगाच्या वासानं.

१९ मे, मंगळवार

आज जेवताना हे अचानक म्हणाले, घरात तारपीनचा वास काऊन येते? मी म्हणलं, फिनाईल बदललं. ते म्हणे, हं. चार दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलले. मी दोन पोळ्या जास्त केल्या. तशीही कणीक उरली होती.

वही मी ठेवली त्याच्यापेक्षा सरकलेली दिसली. उंदीर झाले घरात. औषध आणायचं.

२२ मे, शुक्रवार, सकाळी

चाळीसच्या चाळीस तयार. एक दिवस आधी! फक्त रंग वाळून नाई राह्यला. बोट लावलं का बोटावर येते. तेलाचा रंग अन् लेप जरा जाड झाला. कुलरची ओली हवा घरात.

पण चंद्रपूरचं ऊन कायले आहे मग? रेडिओ म्हणते आज सत्तेचाळीस. मागच्या छपरीच्या टिनावर मुंगवड्या घातल्या आहेत, त्यांच्याच बाजूले चादर टाकून अख्खा तोफखाना मांडला. ओळीत. वरून जाळी, कावळ्यांसाठी. तीन वाजता काढीन. उद्या ह्यांच्यापुढं डबा ठेवीन अन् म्हणीन, घ्या. बाकी काही बोलणार नाई. त्यांचं तोंड पाहीन फक्त.

२२ मे, संध्याकाळी

मुंगवड्या चांगल्या वाळल्या.

तोफांच्या नळ्या वाकल्या. चारही. मान खाली घालून उभ्या आहेत, जसं काही सासरी गुन्हा केला. पाच बैल बसले, पाय पसरून. माणसं अंगानं लहान म्हणून वाचली असतील, पण चार जण चादरीले चिकटले अन् उचलले तर बूट चादरीवरच राह्यले.

टिनावर हात ठेवून पाहिला. हाताले फोड आला. हे आधी काऊन नाई सुचलं, असं कोणी विचारलं तर? पण विचारणारं आहे कोण. सांगितलंच कोणाले आहे?

मी हातानं एक नळी सरळ करून पाहिली. कट्कन आवाज आला. मग बाकीच्यांले हात नाई लावला.

२३ मे, शनिवार

विचार करून पाहिला. काही बिघडलं नाई. अजयले सांगीन, ह्या पहाडावरच्या तोफा आहेत. पहाडावरून खाली मारायचं तर नळी खालीच पाहिजे. अन् बैल दमले तर बसतातच. मोडलेल्या नळीले बांबूची काडी लावून दोऱ्यानं बांधली. लढाईत असं होतच असंल.

पण डबा आज ह्यांच्यापुढं ठेवला नाई. उद्या अजय घ्यायले येते तेव्हा एकदमच दाखवीन. मंधात भाजी करपली. रात्री हे म्हणाले, उद्या मी नाई जात, अजयले सांगून दे. मी म्हणलं, दाढी करा.

२४ मे, रविवार

अजय नऊ वाजता आला, गाडी दारात चालूच ठेवून. हे खाटेवर. दाढी केली होती, दोन ठिकाणी कापलं होतं. मी डबा आणून मंधात ठेवला अन् झाकण काढलं.

अजयनं पाहिलं. आधी तोंडावर हात ठेवला. मग म्हणे, वहिनी, एक मिनिट, अन् बाहेर गेला. छपरीत जाऊन हसून राह्यला, मले ऐकू येत होतं. मी पहाडावरच्या तोफांचं सांगणार होती. झाकणच पदरानं पुसत बसली.

हे वाकून पाहत होते. लय वेळ. मग म्हणाले, गरम पाणी आण. उकळतं नको, हाताले सोसंल त्याच्यापेक्षा जरा जास्त. मी म्हणलं, चहा आधी घ्या. ते म्हणे, पाणी आण म्हणलं न.

पातेल्यात तोफ बुडवली. नळी मऊ झाली. हात पुढं केला त्यांनी, पण बोटं पाण्यात अशी नाचली का पाणी उडालं. हात मागं घेतला. मग म्हणे, तू धर. हळू. ओढू नको वं, सरळ व्हायची तिची ती होते, तू फक्त वाट दाखव. आता थंड पाण्यात टाक. हात माझे अन् तोंड त्यांचं. जानेवारीपासून एवढे बोलले नव्हते. दोन वेळा मले बयताड म्हणाले.

पहिली तोफ सरळ झाली तेव्हा साडेनऊ. अजय आत आला, घड्याळ पाहिलं. भाऊ, दहाले सुरू करायचं आहे, सगळे येऊन बसले असतील. हे म्हणे, अजून तीन आहेत. अजय म्हणे, रंग बी सगळा काढावा लागते भाऊ, अन् तुमची तब्येत... पुढच्या खेपेले पाहू. डॉक्टर बी असंच म्हणते, पुढच्या खेपेले पाहू. मले समजते ते.

गाडी गेली. दसरू बसला असंल टेबलावर.

मले वाटलं हे आता भिंतीकडं वळतील. ते म्हणाले, पाणी थंड झालं, बदल. साडेअकरापर्यंत तीन तोफा सरळ झाल्या. चौथीची काडी काढली तर नळीच हातात आली. बैलांकडं त्यांनी एकदा पाहिलं, एक उचलायले गेले, थरथरीनं तो पडला, शिंग तुटलं. झाकण लावलं. मग निजले. भिंतीकडंच.

२५ मे, सोमवार

चाळीस नग पूर्ण केले अन् एकही कामाचा नाई. डबा परत कपाटावर. त्याच्या बाजूले रंगाचा डबा. म्हणजे होती ती जागा बी गेली.

आज काही लिहायचं नाई असं ठरवलं होतं. किती पानं नासवली ते मोजायले मागं गेली. मी कधी मागं पान उलटत नाई. ४ मेच्या पानावर, जिथी मी शिंगं नाई म्हणून दिव्यानीले शिव्या दिल्या, तिथी खाली काहीतरी होतं. आधी वाटलं मुंग्या मेल्या. मग उजेडात नेऊन पाहिलं. एकेक अक्षर वेगळ्या दिशेले चाललं होतं. वाचायले मले चहा निवेपर्यंत वेळ लागला.

खेचरं आहेत ती. शिंगं राहू दे.

खेचर कसं असते मले माहीत आहे. मी काय पागल आहे? शिंगं नाई तर कान पाहून समजायले पाहिजे होतं, एवढंच. नीलाबाईले हे सांगायचं नाई.

सहा शब्द आहेत. पहिल्या दिवशी एकच होता.

वही जागेवर ठेवून राह्यली, त्यांच्या उशाशी, कुलरच्या बाजूले. पेन वर ठेवते. टोपण काढून. उन्हाळ्यात ते घट्ट बसते, म्हणून.